मुके सोबती : पापणीची काळी कड

वैशाखांतलें नागपूरचें ऊन ज्यांनीं सोसलें आहे त्यांस त्याचें वर्णन सांगावयास नको. पारा ४५ अंशांकडे झुकला म्हणजे दारें-खिडक्या लावून, कूलरच्या वाळ्यावर पाणी सोडून माणसें घरांत बसतात, आणि घरचा कुत्रा त्याच कूलरच्या तोंडाशीं चारी पाय ताणून पडतो. अशा दिवसांत त्याचा एखादा डोळा लाल झाला व त्यांतून पाणी गळूं लागलें, तर घरांतील वडील माणसांचें निदान ठरलेलें असतें : "झळ लागली त्याला." पावसाळ्यांत हेंच निदान "डोळे आले" असें होतें, आणि हिवाळ्यांत "थंडी बाधली" असें. ऋतूप्रमाणें निदान बदलतें, डोळा मात्र तोच असतो. आणि पुष्कळदां दोष ना उन्हाचा असतो ना थंडीचा. तो असतो पापणीचा. पापणीकडे सहसा कोणी पाहत नाहीं. या वेळीं आम्ही तिच्याविषयींच लिहिणार आहों.

या विषयाकडे आमचें लक्ष वळण्यास एक प्रसंग कारण झाला. धरमपेठेंत आमचे एक स्नेही राहतात. त्यांच्या घरीं मोत्या नांवाचा लॅब्रॅडॉर जातीचा कुत्रा आहे. त्या वेळीं तो दहा-अकरा महिन्यांचा होता. मे महिन्यांत त्याचा डावा डोळा गळूं लागला. झळ लागल्याचें निदान झालें, गुलाबपाण्याचे थेंब घालून झाले, तरी गुण येईना. आमच्या स्नेह्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आदल्या हिवाळ्यांत झाली होती व तेव्हांची औषधाची अर्धी बाटली कपाटांत शिल्लक होती. माणसाच्या इतक्या नाजुक डोळ्यास जें चाललें तें कुत्र्याच्या डोळ्यास कां चालूं नये, असा सरळ विचार करून त्यांनीं तें औषध दिवसांतून तीन वेळां मोत्याच्या डोळ्यांत घातलें. दुसऱ्या दिवशीं लाली उतरली. घरांत सर्वांस समाधान वाटलें. सहाव्या दिवशीं सकाळीं पाहतात तों बुबुळावर निळसर पांढरें सावट आलेलें, आणि मोत्या डोळा उघडावयास तयार नाहीं.

पशुवैद्यांनीं पहिला प्रश्न विचारला तो, "डोळ्यांत काय घातलें होतें?" बाटली हातीं घेऊन त्यांनीं नांव वाचलें व मान हलविली. तिच्यावर डेक्सामेथासोन असें लिहिलें होतें. मोत्याच्या पारपटलावर (बुबुळापुढें कांचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो त्यास पारपटल म्हणतात) व्रण पडला होता आणि तो खोल जात होता. व्रणाचें मूळ खालच्या पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यांत सांपडलें. तेथें पापणी आंत वळली होती व तिच्यावरील केस डोळ्याच्या प्रत्येक उघडझांपीबरोबर पारपटलावर घासत होते. हें बोलणें चाललें असतां घरांतली आठ वर्षांची नात, जी मोत्याच्या अंगावर डोकें ठेवून गोष्टींचीं पुस्तकें वाचते, ती म्हणाली, "आजोबा, त्या डोळ्याला तिकडे काळी रेघ नाहींच आहे. दिवाळीपासून नाहीं." तिला कोणी विचारलें नव्हतें.

त्या मुलीनें पाहिलेली काळी रेघ हीच घरच्या घरीं करावयाच्या परीक्षेची मुख्य खूण आहे. बहुतेक कुत्र्यांच्या पापणीची कड केसरहित, गुळगुळीत व काळ्या किंवा गडद तपकिरी रंगाची असते; काजळाची बारीक रेघ ओढावी तशी ती दिसते. ज्यांचें नाकच फिकट असतें अशा कुत्र्यांत ती गुलाबी असते, तरी कड म्हणून ओळखतां येते. ही रेघ वर व खालीं, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अखंड दिसली पाहिजे. जेथें ती दिसेनाशी होते आणि तोंडावरचे केस थेट डोळ्यास भिडलेले दिसतात, तेथें पापणी आंत वळली असें समजावें. जेथें ती डोळ्यापासून सुटून खालीं लोंबते व आंतली लाल त्वचा उघडी पडते, तेथें पापणी बाहेर वळलेली असते. पहिल्या विकारास डॉक्टर एन्ट्रोपियन म्हणतात व दुसऱ्यास एक्ट्रोपियन.

पाहतांना डोळ्यास हात लावूं नये. सकाळच्या उजेडांत, कुत्रा स्वस्थ बसला असतां, समोरून पाहावें व दोन्ही डोळे एकमेकांशीं ताडून पाहावे. आपण कौतुकानें त्याचें तोंड दोन्ही हातांत धरतों, गालाची त्वचा मागें ओढली जाते, आणि वळलेली पापणी तेवढ्यापुरती सरळ होते, दोष लपतो. डोळ्याखालचे केस सदैव ओले आहेत काय, तेथें तांबूस डाग पडला आहे काय, कुत्रा एक डोळा बारीक करून पाहतो काय, पंजानें किंवा सतरंजीवर तोंड घासतो काय, हेंही लक्षांत घ्यावें. या सर्व गोष्टी दुखत असल्याच्या खुणा आहेत. कुत्रा डोळा दुखतो म्हणून रडत नाहीं. तो जेवतो, शेपटी हलवितो, दाराची घंटा वाजली कीं धांवतो, आणि आपण समजतों कीं त्याला कांहीं विशेष झालेलें नाहीं.

पापणी आंत वळण्यांत एक विलक्षण दुष्टचक्र आहे. केस घासले कीं डोळा दुखतो. दुखला कीं कुत्रा तो घट्ट मिटून घेतो व पापणीचे स्नायु आंवळले जातात. स्नायु आंवळले कीं पापणी आणखी आंत वळते व आणखी केस घासूं लागतात. म्हणून जन्मतः पापणी थोडीशीच वळलेली असली तरी एखादा धुळीचा कण किंवा कूलरचा कोरडा वारा निमित्ताला पुरतो व चार दिवसांत ती पुष्कळ वळलेली दिसते. उलट पापणी मुळांत अगदीं निर्दोष असूनही डोळ्यांतील दुसऱ्या कांहीं दुखण्यानें ती तात्पुरती वळूं शकते. या दोहोंतला भेद ओळखण्यासाठीं पशुवैद्य डोळ्यांत बधिर करणारा एक थेंब घालतात. वेदना थांबली कीं वेदनेनें वळलेला भाग सरळ होतो. जो तरीही वळलेलाच राहतो तो जन्मजात दोष. हा थेंब परीक्षेपुरताच असतो. तो मागून घरीं आणूं नये. वारंवार घातल्यास त्यानेंच पारपटल बिघडतें.

आतां त्या बाटलीविषयीं. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेड्निसोलोन हीं स्टेरॉइड वर्गांतील औषधें आहेत. योग्य ठिकाणीं तीं फार मोलाचीं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याची सूज उतरावी म्हणून तीं देतात तें योग्यच आहे. परंतु सूज व लाली हटविण्याच्या ज्या गुणामुळें तीं उपयोगी पडतात त्याच गुणामुळें जखम भरून येण्याची क्रियाही तीं मंदावतात व जंतूंस मोकळें रान देतात. पारपटलावर व्रण असतांना हें औषध घातलें कीं वरून डोळा निवळल्यासारखा दिसतो आणि आंत व्रण खोल जातो. कधीं कधीं पारपटल अक्षरशः विरघळूं लागतें व त्यास भोंक पडून डोळा कायमचा जातो. कुत्र्याच्या पारपटलाची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून फारशी अधिक नसते, हें सांगितलें म्हणजे सहा दिवस किती मोठे असतात तें कळेल. कित्येक बाटल्यांत जंतुनाशक औषध व स्टेरॉइड एकत्र असतें आणि वरचें ठळक नांव भलतेंच असतें. बारीक अक्षरांतील मजकूर वाचल्यावांचून उमगत नाहीं. शिवाय डोळ्याच्या औषधाची उघडलेली बाटली साधारणतः महिन्याभरानें टाकून द्यावयाची असते. आमच्या घरांतून ती टाकीत नाहींत, कारण औषध महाग असतें आणि आपण काटकसरीं लोक. या एका बाबतींत काटकसर सोडावी.

पशुवैद्य व्रण कसा ओळखतात हें पाहण्यासारखें आहे. फ्लुओरेसीन नांवाचा नारिंगी रंग ओल्या पट्टीनें डोळ्यांत सोडतात व मग डोळा धुऊन काढतात. धड पारपटलास हा रंग लागत नाहीं. जेथें वरचा थर खरवडला गेला असेल तेथें मात्र तो धरून बसतो व निळ्या प्रकाशांत हिरवागार चमकतो. मोत्याच्या डोळ्यांत अशी चमक मसुरीच्या दाण्याएवढी दिसली. दुसरी परीक्षा अश्रूंची. शोषक कागदाची अरुंद पट्टी एक मिनिटभर खालच्या पापणींत अडकवून ठेवतात. १५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक भिजली तर अश्रू पुरेसे आहेत, १० पेक्षां कमी भिजली तर डोळा कोरडा पडत आहे असा संशय घ्यावा. दोन्ही परीक्षांना मिळून पांच मिनिटें लागतात व त्यांत कुत्र्यास विशेष त्रास होत नाहीं.

आंत वळलेल्या पापणीवर खरा उपाय शस्त्रक्रियेचाच. भूल देऊन पापणीच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर अंतरावर त्वचेची चंद्रकोरीच्या आकाराची पट्टी काढून टाकतात व कडा शिवतात. त्वचा ताणली जाते आणि पापणी बाहेर ओढली जाऊन जागेवर येते. येथें आमच्या वाचकांस एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत पक्ष्मकोप नांवाचा विकार वर्णिला आहे, ज्यांत पापणीचे केस वळून डोळ्यास टोंचतात. त्यावर सांगितलेल्या शस्त्रक्रियेंत भुंवईखालीं, पापणीला समांतर, यवाच्या आकाराचा त्वचेचा तुकडा काढावा व जखम केसानें शिवावी असें आहे. रोमन ग्रंथकार सेल्सस यानेंही इसवी सनाच्या पहिल्या शतकांत अशाच धर्तीची क्रिया लिहून ठेविली, आणि आज पशुवैद्य जी क्रिया करितात ती होट्झ-सेल्सस या जोडनांवानें ओळखली जाते. सुश्रुताचा रोगी मनुष्य होता आणि त्याच्या काळीं आजची भूल नव्हती, हें विसरून उगाच अभिमान मिरविण्याचा आमचा हेतु नाहीं; परंतु संस्कृत जाणणाऱ्या घरांतून ही क्रिया 'नवीन काहींतरी' म्हणून टाळूं नये, इतकें सुचविण्यास हरकत नसावी.

सगळें कौशल्य किती त्वचा काढावी यांत असतें. भूल चढली कीं चेहरा सैल पडतो व अंदाज चुकतो. म्हणून जाणते वैद्य कुत्रा जागा असतांनाच, बधिर करणारा थेंब घालून, किती कापावयाचें तें ठरवून ठेवतात. कमी कापलें गेलें तर पुन्हां कापतां येतें. जास्त कापलें तर पापणी बाहेर वळते व ती दुरुस्त करणें कठीण जातें. म्हणून दुसऱ्यांदां शस्त्रक्रिया करावी लागली तर पहिली फसली असें मानून वैद्यांस दूषण देऊं नये. लहान पिलांत तर घाई करीतच नाहींत. पिलाचा चेहरा भरत जातो तसतसा सौम्य दोष कधीं कधीं आपोआप जातो. तोंपर्यंत पापणी दोन-चार टांक्यांनीं तात्पुरती दुमडून ठेवतात. कायमची शस्त्रक्रिया सुमारें वर्षाच्या वयानंतर, फार मोठ्या जातींत त्याहूनही उशिरां. मात्र पारपटलावर व्रण होत असतील तर वयाची वाट पाहत नाहींत.

बाहेर वळलेल्या पापणीविषयीं थोडक्यांत. सेंट बर्नार्ड, बॅसेट हाउंड, कॉकर स्पॅनिएल या जातींत खालची पापणी लोंबते व संध्याकाळीं कुत्रा थकला कीं अधिक लोंबते. तिच्या खळग्यांत धूळ सांचते. रोज सलाईननें धुणें व वैद्यांनीं दिलेलें ओलावा राखणारें औषध घालणें एवढ्यावर पुष्कळांचें भागतें. आल्प्स पर्वतांतल्या मठांत वाढविलेला सेंट बर्नार्ड नागपुरांत कां आणावा, हा प्रश्न पापणीच्या पलीकडचा आहे.

तिसऱ्या पापणीविषयीं मात्र सविस्तर सांगितलें पाहिजे. कुत्र्यास तीन पापण्या असतात ही गोष्ट वर्षानुवर्षें कुत्रे पाळणाऱ्यांसही पुष्कळदां ठाऊक नसते. ही तिसरी पापणी नाकाकडील कोपऱ्यांत दडलेली असते व डोळा मिटतांना तिरपी सरकून पारपटल पुसून काढते. निरोगी, जाग्या कुत्र्यांत ती जेमतेम दिसते. दोन्ही डोळ्यांत ती अर्ध्यावर आलेली दिसली तर दुखणें केवळ डोळ्याचें नसून कुत्रा एकंदरींतच आजारी आहे किंवा त्याच्या अंगांतलें पाणी कमी झालें आहे असें समजावें. उन्हाळ्यांत हें विशेष लक्षांत ठेवावें. या पापणीच्या तळाशीं अश्रूंची एक ग्रंथि असते. डोळ्यांतील अश्रूंपैकीं सुमारें तिसरा हिस्सा, कदाचित् निम्मे, हीच पुरविते. बुलडॉग, कॉकर स्पॅनिएल, बीगल, ल्हासा अप्सो, शित्झू अशा जातींत, बहुधा दोन वर्षांच्या आंत, ही ग्रंथि आपल्या जागेवरून सुटून वर येते व डोळ्याच्या कोपऱ्यांत गुंजेसारखा लाल गोळा अचानक दिसूं लागतो. इंग्रजींत यास चेरी आय म्हणतात. तो दिसला कीं घरांत घबराट होते आणि "कापून टाका" असा आग्रह होतो. पूर्वीं पशुवैद्यही तो कापून टाकीत असत. डोळा लगेच सुरेख दिसे. परंतु पुढें कांहीं वर्षांनीं त्यांतील पुष्कळ कुत्र्यांचे डोळे कोरडे पडूं लागले, त्यांवर चिकट चिपडें धरूं लागलीं व पारपटल काळवंडूं लागलें. आतां ती ग्रंथि न कापतां तिसऱ्या पापणींतच लहानसा खिसा करून आंत बसवितात. कोणी आजही कापण्याचा सल्ला दिला तर 'आंत बसवितां येईल काय?' एवढा प्रश्न अवश्य विचारावा, आणि वाटल्यास दुसऱ्या वैद्यांचें मत घ्यावें.

केसांचे विकार आणखी निराळे. कुत्र्यास आपल्यासारखे पापणीचे केस फक्त वर असतात, खालच्या पापणीस नसतात. कडेवर जेथें तैलग्रंथींचीं तोंडें उघडतात त्यांतून कधीं कधीं अस्थानीं केस उगवतात. ते मऊ असले तर कांहीं बिघडत नाहीं. राठ असले तर टोंचतात. चिमट्यानें उपटले तर चार-सहा आठवड्यांत पुन्हां येतात, म्हणून विजेनें किंवा अतिथंडीनें त्यांचें मूळ जाळावें लागतें. सर्वांत फसविणारा केस तो वरच्या पापणीच्या आंतल्या बाजूनें, बहुधा मध्यभागीं, सरळ डोळ्याकडे उगवतो. एकच केस असतो, साध्या नजरेस दिसत नाहीं, आणि तरुण कुत्रा एकाएकीं डोळा मिटून बसतो. व्रण एकाच जागीं पुन्हां पुन्हां होत असेल तर भिंगानें हा केस शोधावा, असें वैद्यांस नम्रपणें सुचवावें.

पग जातीच्या कुत्र्यांत हे सर्व दोष जणूं एकत्र नांदतात. २००३ सालीं हच या दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातींत हा कुत्रा झळकला आणि पाहतां पाहतां पुष्कळ घरांचा लाडका झाला. त्याचे डोळे बटबटीत, नाक चेपलेलें, नाकावरच्या घडीचे केस डोळ्यास लागणारे, आणि नाकाकडील कोपऱ्यांत खालची पापणी आंत वळलेली. पापण्या पुऱ्या मिटत नाहींत, म्हणून झोंपेंतही डोळा अर्धवट उघडा राहतो. त्याच्या पारपटलावर नाकाच्या बाजूनें तपकिरी डाग पसरूं लागला तर तो वयाचा परिणाम म्हणून सोडून देऊं नये. या कुत्र्यास कूलरच्या झोतांत निजवूं नये. आणि त्याच्या गळ्याच्या पट्ट्यास हिसका देऊं नये. झटापटींत किंवा हिसक्यानें त्याचा डोळा पापण्यांच्या बाहेर निसटतो व पापण्या मागें अडकतात. असें झाल्यास डोळा आंत ढकलण्याचा प्रयत्न न करतां सलाईननें भिजविलेला स्वच्छ कपडा त्यावर धरून त्याच घटकेस दवाखाना गांठावा.

पावसाळ्यांत पापणीवर गोचीड बसतो. तो चामखीळ समजून कित्येक दिवस तसाच राहतो, किंवा गोचीड समजून खरीच चामखीळ ओढली जाते. पाय दिसतात काय हें भिंगानें पाहावें. त्यावर घासलेट किंवा तंबाखूचें पाणी लावूं नये. तें डोळ्यांत उतरतें. दोन्ही पापण्यांच्या कडा सुजून केस झडूं लागले तर खरूज, बुरशी किंवा एखाद्या पदार्थाची बाधा असूं शकते. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावांचून भेद कळत नाहीं. म्हाताऱ्या कुत्र्याच्या पापणीवर लहान गांठ येते ती बहुतांशीं निरुपद्रवी असते, परंतु वाढून डोळ्यास घासूं लागण्यापूर्वींच काढलेली बरी. पापणीचा तिसरा हिस्सा व्यापीपर्यंत ती सहज काढून कडा सरळ शिवतां येतात. त्यापुढें काम अवघड होतें. नवजात पिलांचे डोळे १० ते १४ दिवसांनीं उघडतात. त्यापूर्वीं मिटलेल्या पापणीखालीं फुगवटी दिसली किंवा कोपऱ्यांतून पू झिरपला तर 'अजून डोळे उघडावयाचे आहेत' म्हणून थांबूं नये. आंत पू सांचून डोळा जातो.

दवाखान्यांत नेईपर्यंत घरीं करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. औषधाच्या दुकानांत मिळणारें सलाईन, नाहीं तर अर्धा लिटर पाणी उकळून त्यांत एक सपाट लहान चमचा मीठ घालून पूर्ण निववलेलें पाणी घ्यावें, कापसाचा बोळा भिजवून चिपडें मऊ करावीं आणि नाकाकडून बाहेरच्या बाजूस हळूंच पुसून काढावें. प्रत्येक डोळ्यास वेगळा बोळा. काजळ, मध, दूध, तुरटी, गुलाबपाणी, चहाचें पाणी, यांपैकीं कांहींही नको. कुत्रा डोळा खाजवीत असेल तर गळ्याभोंवतीं नरसाळ्याच्या आकाराची प्लॅस्टिकची गळपट्टी बांधावी. व्रणाहून पंजाच्या नखानें अधिक नासधूस होते. डोळा मिटलेला, निळसर किंवा पांढरट झालेला, अथवा हिरवा-पिवळा पू येत असलेला असेल तर उद्यांवर टाकूं नये.

नागपूरकरांस या बाबतींत एक सोय आहे. येथील पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ सालीं स्थापन झालें व सेमिनरी हिल्सवर त्याचें पशुरुग्णालय आहे. २००० सालीं महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ निघालें तेव्हां त्याचें मुख्य ठाणेंही नागपुरांतच झालें. उन्हाळ्यांत कुत्र्यास सकाळीं लवकर न्यावें, बरोबर पाणी घ्यावें, आणि आतांपर्यंत डोळ्यांत घातलेल्या सर्व औषधांच्या बाटल्या, गुलाबपाण्याचीसुद्धां, निःसंकोच दाखवाव्या. लपविलेल्या बाटलीमुळें उपचार चुकतो.

मोत्याचा डोळा वांचला. पहिले तीन दिवस दर दोन तासांनीं, रात्रींही, थेंब घालावे लागले. घरच्या सूनबाईंनीं व आमच्या स्नेह्यांनीं जागरणें वांटून घेतलीं. व्रण भरल्यावर दोन्ही खालच्या पापण्यांची शस्त्रक्रिया झाली, चौदाव्या दिवशीं टांके निघाले, आणि पारपटलावर मोहरीएवढा पांढरा ठिपका तेवढा उरला. त्यानें त्याच्या दृष्टीस फारसा अडथळा होत नाहीं. कूलरचें तोंड आतां भिंतीकडे वळविलेलें असतें.

एक गोष्ट राहिली. पापणीचा हा दोष पुष्कळ अंशीं आनुवंशिक असतो. शस्त्रक्रियेनें पापणी सरळ होते, रक्तांतला दोष जात नाहीं. म्हणून अशा कुत्र्याची वीण घेऊं नये असें पशुवैद्यांनीं स्पष्ट सांगितलें. पिलूं विकत घेणाऱ्यानेंही पिलाबरोबर त्याची आई, आणि जमल्यास बापही, पाहण्यास मागावा व त्यांच्या पापण्यांची रेघ तपासावी. आमच्या गांवठी कुत्र्यांत, तसेंच कारवान व पश्मी या लांबट तोंडाच्या जातींत, चेहऱ्याची त्वचा घट्ट असल्यानें हा विकार क्वचित् दिसतो. आमच्या स्नेह्यांनीं मोत्याचीं पिलें दोन घरीं देण्याचें कबूल केलें होतें व त्यांतलें एक घर आमचें होतें. आम्हांस सध्यां गल्लींतलेंच एक गांवठी पिलूं मिळालें आहे. त्याच्या पापण्यांची रेघ चारी कडांस अखंड आहे. गोचीड मात्र पुष्कळ.